दोन मुलांना घेऊन मोंबासाला

मोंबासाहून परत आल्यापासून लोक मला सिंहाबद्दल विचारतात. बदलापूरच्या आमच्या शाळेत तर मुलांनी पहिल्या दिवशी मला फळ्याकडे वळूच दिलं नाही. आधी सिंह सांगा, मग भूगोल. सिंह मी पाहिला नाही. तो तिथून पुष्कळ आत राहतो आणि आम्ही होतो समुद्राकाठी. मी जे पाहिलं ते सात वर्षांच्या शालूचा एक हात आणि चार वर्षांच्या विनूचे दोन्ही पाय धरून पाहिलं, कारण विनू बहुतेक वेळ माझ्या खांद्यावर होता. लहान मुलं घेऊन समुद्रापलीकडे जायचा प्रसंग ज्यांच्यावर येईल, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहितो आहे. शिकारीची हौस असणाऱ्यांची निराशा होईल.

जाण्याचं कारण आधी सांगतो. माझी पत्नी सुधा गेल्या श्रावणाच्या आधीच्या श्रावणात गेली. तिचं हृदय अशक्त होतं, आणि शेवटचं वर्ष तिनं अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत अंथरुणावर काढलं. तिचे आईवडील मोंबासाला. वडील तिथल्या रेल्वेत कारकून आहेत, पुष्कळ वर्षं झाली. लग्नात लेकीला निरोप दिला त्यानंतर त्यांनी तिला पाहिलं नव्हतं, आणि नातवंडांना तर कधीच नाही. सुधा गेल्यावर सासूबाईंचा निरोप आला की मुलांना माझ्याकडे आणून सोडा, मी वाढवीन. आमच्याकडे सगळ्यांना हे पटलं. बदलापूरला बेलवलीत राहणारी माझी मोठी बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, ती म्हणाली, "दत्तू, तू दिवसभर शाळेत. मी बेलवलीहून रोज येऊ म्हणतोस? मला माझा संसार आहे. आणि पुरुषमाणसाच्या हातून मुलं वाढत नाहीत रे, जगतात नुसती."

वर्षश्राद्ध झाल्यावर जायचं, मुलं आजीपाशी रमतात का पाहायचं, आणि रमली तर ठेवून एकट्यानं परत यायचं, असं मी ठरवलं. सगळ्यांना सांगितलंही. मुलांना मात्र आजीकडे जायचं आहे, एवढंच सांगितलं.

कॅम्पातली तयारी

प्रवासाची तयारी कशी करावी हे मला कुणी सांगितलं असेल तर ते उल्हासनगरच्या दादीनं. लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये सिंधी मंडळी येऊन राहिली, त्याला आम्ही अजून कॅम्पच म्हणतो. दादी तिथं एका बराकीत पापड लाटते. सुधा हिंडतीफिरती होती तेव्हा तिच्याकडूनच पापड घ्यायची. मी निरोप घ्यायला गेलो तर तिनं पापड बाजूला ठेवले आणि मला समोर बसवलं.

"मास्टर, कौन जा रहा है साथ में?"

"मीच. मी आणि मुलं."

"औरत कोई नहीं?"

"नाही."

ती थोडी हसली. "मैं भी अकेली आई थी. कराची से, जहाज में, तीन बच्चे. मेरा आदमी पीछे रह गया था. सुन पुट, बच्चा जहाज में दो चीज से मरता है, भूख से और दौड़ने से. भूख का मैं देती हूँ, दौड़ने का तू कर."

भुकेसाठी तिनं कोकी करून दिली. कांदा घातलेली, जाड, खरपूस भाजलेली ही सिंध्यांची भाकरी चार दिवस सहज टिकते. आणि धावण्यासाठी एक जुनी ओढणी फाडून तिची पट्टी दिली. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं विनूच्या. मी म्हटलं, लोक हसतील. ती म्हणाली, "हँसने दे. हँसनेवाले का बच्चा पानी में जाएगा, तेरा नहीं."

बोटीवर

आमची तिकिटं डेकची होती. डेक म्हणजे बोटीवरची मोकळी जागा. तिथं वळकटी पसरायची, ट्रंक उशाशी घ्यायची, की झालं घर. आमच्या एका बाजूला झांजिबारला निघालेल्या काशीबेन म्हणून एक थोराड गुजराती बाई होत्या. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या कमरेची पट्टी पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"मास्तरसाहेब, आ बकरीने छोडो हवे!"

त्यावर विनूनं खरोखर बकरीसारखा आवाज काढला. त्या दिवसापासून आख्ख्या डेकवर तो 'बकरी' झाला आणि जाईल तिथं त्याला कुणी ना कुणी खाऊ द्यायला लागलं. मग काशीबेननी मला हळूच विचारलं, घरचं माणूस कुठं आहे. मी सांगितलं. त्यांनी ठेपल्यांचा डबा उघडून आमच्या वळकटीवर ठेवला आणि परत घेतलाच नाही.

समुद्र लागला तो दुसऱ्या दिवशी, आणि मुलांआधी मला लागला. मी आडवा पडलो होतो, विनू पट्टीच्या टोकाला बसून माझ्या पाठीवर थोपटत होता, आणि मला जाणवलं की शालू दिसत नाही. तिला मी बांधलं नव्हतं. ती शहाणी म्हणून. एका क्षणात समुद्र लागणं संपलं. विनूला काखोटीला मारून मी सगळी बोट धुंडाळली. कठड्याशी गेलो की खाली पाहायचं धाडस होत नव्हतं. शेवटी काशीबेननी खालून हाक मारली. शालू हिंदू भटारखान्यात होती. ओट्यापाशी डब्यावर उभी राहून पोळ्या लाटत होती, आणि दोन भंडारी, म्हणजे बोटीवरचे आचारी, हात बांधून पाहत होते.

"बाबा," ती म्हणाली, "यांना गोल येतच नव्हत्या."

मी तिला रागावणार होतो. पण तिची पोळी खरंच गोल होती.

विनूचं जेवण हे मात्र कठीण काम. आई गेल्यापासून तो खाण्याच्या बाबतीत हट्टी झाला होता, आणि बोटीवर तर तोंडच उघडेना. सारखा विचारायचा, "अंबरनाथ कधी येणार?" तेव्हा मी म्हटलं, चल, गाडी सोडू. पहिला घास अंबरनाथचा. तो गेला. मग बदलापूरचा, मग वांगणीचा, नेरळचा, भिवपुरीचा. कर्जतला घाट चढण्यासाठी मागून इंजिन जोडतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून कर्जतच्या घासाला त्याच्या पाठीवर हात ठेवून ढकलायचं. खंडाळ्यापर्यंत पोचलं की पोट भरलं असं समजायचं. समुद्राच्या मध्यावर, जिथून कुठलीच जमीन दिसत नव्हती, तिथं आमची गाडी रोज दोन वेळा वेळेवर घाट चढत होती.

काशीबेन एकदा जेवण संपेपर्यंत पाहत बसल्या आणि म्हणाल्या, "माँ पण आटलुं ना करे." आईसुद्धा एवढं करत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला त्या दिवशी प्रथमच शंका आली, की मुलं ठेवून परतायचं ठरवलं आहे ते मला जमणार नाही.

मोंबासा

मोंबासा पहिल्यांदा दिसलं ते नारळीच्या रांगेसारखं. क्षणभर वाटलं, फिरून कोकणातच आलो. जवळ गेल्यावर मात्र मधे मधे प्रचंड फुगलेल्या बुंध्याची झाडं दिसली. ती गोरखचिंच. आपल्याकडे हे झाड एखादं कुठं असतं आणि लोक मुद्दाम पाहायला जातात. इथं ती रस्त्याकडेला गुरांसारखी उभी असतात. शालूनं विचारलं, "बाबा, या झाडाला कुणी जास्त जेवायला घातलं?"

सासरे बंदरावर आले होते. त्यांनी मुलांकडे पाहिलं, टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, "सामान किती?" पुढे सबंध रस्ता ते फक्त सामानाविषयी बोलत राहिले. सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो तिघांवरून ओवाळून टाकला, मुलांना जवळ घेतलं, आणि मला म्हणाल्या, "या, जावईबापू. बसा."

आणि मी बसलो.

पुढचे कित्येक दिवस मी बसूनच होतो. सासुरवाडीला जावयानं कसं वागायचं हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पाण्याचा तांब्या स्वतः उचलायचा नाही. स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. पान वाढलं की बसायचं, आग्रह झाला की नको म्हणायचं, आणि मग खायचं. सासूबाई तर जावयाच्या पहिल्या येण्याची इतकी वर्षं वाट पाहत होत्या. माझ्यासाठी पाट, भोवती रांगोळी, चांदीची वाटी. मला वाटलं, मी जितका नीट वागेन तितकं त्यांचं माझ्याविषयी मत चांगलं होईल, आणि मग मुलांचं बोलणं काढता येईल. म्हणून मी फार नीट वागलो.

सकाळी मुलांना घेऊन फिरायला जायची तेवढी मुभा होती. जुन्या शहराच्या गल्ल्या इतक्या अरुंद की खांद्यावरचा विनू वरच्या सज्जांची लाकडी नक्षी हातानं चाचपायचा. पितळी किटली घेतलेला कॉफीवाला कपावर कप वाजवत जायचा. तिथले लोक मुलं दिसली की थांबतात. लांब पांढरा अंगरखा घातलेले म्हातारे शालूला "जांबो" म्हणायचे आणि तिनं उलट "जांबो" म्हटलं की जग जिंकल्यासारखे खूश व्हायचे. शहाळेवाल्यानं विनूला स्वतःच्या स्टुलावर बसवलं. शहाळ्याला तिकडे मडाफू म्हणतात. भाजलेल्या कसाव्याच्या कंदावर तिखट आणि लिंबू लावून विकतात, त्याची चव रताळं आणि शिंगाडा यांच्या मधली. नारळ खवायची त्यांची खवणी पाहून तर शालू ओरडलीच. बसायची फळी, पुढं दातेरी पातं, थेट आपली. आणि मार्गशीर्षात आंबे! पाटीभर आंबे घेऊन बाई बसलेली पाहिली तेव्हा विनूनं माझे कान धरून मला थांबवलं आणि गंभीरपणे विचारलं, "बाबा, मे महिना आला?"

पण घरात आलं की मुलं आत आणि मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर. आतून विनूचं रडणं ऐकू यायचं. सासूबाईंनी त्याच्यासाठी काय केलं नाही? साखरभात, शिरा, तुपातला मऊ भात. तो ओठ घट्ट मिटून बसायचा. शालूही गप्प झाली. तिची वेणी रोज उंच, घट्ट, लाल रिबिनीची, आणि चेहरा ओढलेला. सासूबाई एकदा बाहेर येऊन सासऱ्यांना म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "पोराला खायचीच सवय राहिलेली नाही. वर्षभर कुणी जवळ बसून भरवलेलंच दिसत नाही. आता इथं राहिला की सहा महिन्यांत बघा."

मी त्यावर मान खाली घालून वर्तमानपत्र वाचलं.

पानावरून उठलो तो दिवस

रविवार होता. सासरे आणि मी पानावर बसलो होतो. पुरणपोळी होती. आत विनूचा सूर लागला, वाढत गेला, आणि मग एकदम भांडं पडल्याचा आवाज झाला. सासूबाईंचा आवाज आला, थकलेला, "अरे राजा, मी काय करू रे तुझं?"

मी उठलो. भरल्या पानावरून उठलो. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई आडव्या आल्या. "अहो, अहो जावईबापू! उठलात कशाला? पानावरून उठू नये. मी बघते ना!"

"आई, मला त्याच्याजवळ बसू दे," मी म्हणालो. त्यांना मी 'तुम्ही' म्हणायचो, पण त्या वेळी तोंडून तेच आलं.

मी खाली जमिनीवर बसलो. सांडलेला भात गोळा केला, दुसरा घेतला, वरण घालून कालवला. विनू हुंदके देत माझ्याकडे पाहत होता.

"गाडी कुठं आहे?" मी विचारलं.

त्यानं बाहीनं नाक पुसलं. मग म्हणाला, "अंबरनाथला."

"सुटू दे?"

त्यानं तोंड उघडलं. बदलापूर गेलं, वांगणी गेली. नेरळला शालू येऊन शेजारी बसली आणि तिनंही तोंड पुढं केलं. वाटेत एक डबा जोडला गेला. कर्जत आलं. मी विनूच्या पाठीला हात लावला, शालूनं लावला, आणि आम्ही घाट चढायला लागलो. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला. तरुणपणी आफ्रिकेला येण्याआधी ते आपल्याकडच्याच रेल्वेत होते.

"खंडाळ्याला इंजिन पाणी घेतं रे! पाणी दिलंत का?"

विनू खदखदून हसला. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. "नाही दिलं!" तो ओरडला. "आजी, पाणी!"

सासूबाईंनी पाणी आणलं. पेला पुढं केला आणि तशाच उभ्या राहिल्या. पुण्यापर्यंत गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी मी आणखी पुढं गेलो. सकाळी ओसरीवर शालूला पुढं बसवून मी तिची वेणी घातली. शेजारच्या क्वार्टरमधल्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. एक दुसरीला म्हणाली, "बघ गं, जावई वेणी घालतोय!" मी पेड घालत राहिलो. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि पाहत बसल्या.

"ही सैल वेणी कुणी शिकवली तुम्हाला?"

"सुधानं. शेवटी शेवटी तिचे हात वर होत नसत. ती पडून सांगायची, मी घालायचो. घट्ट ओढली तर शालूचं डोकं दुखतं, हे तिनंच सांगितलं."

त्यांनी चहा खाली ठेवला. लेक गेल्याची त्यांना नुसती तार मिळाली होती. तिच्या शेवटच्या वर्षात काय झालं हे त्यांनी मला विचारलं नव्हतं, आणि मी जावयासारखा बसून होतो म्हणून सांगितलं नव्हतं. आता त्या विचारायला लागल्या. ती काय खायची? झोप लागायची का? आमची आठवण काढायची का? मी एकेक सांगत गेलो. तिला खिडकीशी खाट हवी असायची, तिथून देवळाकडे जाणारी माणसं दिसत. पेज तिला आवडत नसे, पण विनूनं चमचा धरला तर घ्यायची. आईच्या हातचं आंब्याचं लोणचं तिनं दोनदा मागितलं, आणि मी अक्काकडून आणलं तर म्हणाली, हे ते नाही. एवढं ऐकल्यावर सासूबाई मोठ्यानं रडल्या, आणि मीही रडलो. शालू वेणी अर्धी राहिलेली असूनही हलली नाही.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले. "दत्तात्रय," त्या म्हणाल्या. जावईबापू म्हणाल्या नाहीत. "मला वाटलं होतं, तू यांना नुसतं पोसतो आहेस."

"आई, मला मुलं परत न्यायची आहेत."

"ते दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "आधी ती वेणी पुरी कर."

त्यानंतर घरातली सगळी व्यवस्था पालटली. पाट आणि रांगोळी गेली. मी स्वयंपाकघरातल्या जमिनीवर जेवू लागलो आणि सासूबाई मला अरे-तुरे करू लागल्या. त्यांनी मला पेज, भाताची खिचडी, खोकल्याचा काढा, कान दुखला तर काय करायचं, हे सगळं शिकवलं, आणि चुकलो की बोलल्याही. "मीठ आधी घालतोस? तुला कुणी मास्तर केला रे?" मी कित्येक वर्षांत इतक्या आनंदानं बोलणी खाल्ली नव्हती. मुलं आता आजीच्या हातूनही जेवू लागली. आजोबांनी त्यांच्या लाइनीवरची व्होई आणि मकिंडू ही स्टेशनं घासांना जोडून दिली, त्यामुळे कधी कधी पुण्याच्या पुढं एकदम आफ्रिका लागायची.

एका सकाळी सासरे तिकिटांसाठी बोटीच्या कचेरीत निघाले. दारात थांबून त्यांनी बायकोकडे पाहिलं. किती काढू, असं त्यांनी विचारलं नाही, पण हललेही नाहीत.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "एक पूर्ण आणि दोन अर्धी," त्या म्हणाल्या. "आणि वाऱ्याच्या बाजूची जागा नको म्हणावं, विनूला सर्दी होते."

अंबरनाथ

परतीच्या प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच, की या खेपेला समुद्र कुणालाच लागला नाही. कळवायला पत्र टाकलं असतं तर तेही आमच्याच बोटीनं आलं असतं, म्हणून टाकलं नव्हतं. कोणत्या बोटीनं परतणार हे मात्र मी निघतानाच सांगितलं होतं, आणि ती कोणत्या दिवशी लागणार हे अक्काला वर्तमानपत्रावरून कळलं होतं.

स्टेशनवर उतरून आम्ही पूर्वेला घराकडे चालत आलो. दार उघडं होतं. अक्का बदलापूरहून सकाळीच येऊन झाडलोट करून बसली होती. चुलीवर एक लहानसं पातेलं होतं, एका माणसाच्या भाताचं. माझ्या पावलांच्या आवाजानं ती उठली, पदर सावरला, सांत्वनाचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि माझ्या खांद्यावरच्या विनूकडे पाहतच राहिली. मागून शालू आली. तिनं ट्रंकेचं एक टोक धरलं होतं.

"जांबो, अक्काआत्या," विनू वरून म्हणाला.

"अगं बाई!" अक्का म्हणाली. "दोघंही? अरे, कळवायचं तरी!" मग ती माझ्यावरच रागावली. "आणि आता यांचं कोण करणार?"

"मी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग फडक्यानं चुलीवरचं लहान पातेलं उतरवून बाजूला सरकवलं, आणि फळीवरचं मोठं पातेलं काढून माझ्या हातात दिलं.

"मग धू हे," ती म्हणाली. "आणि तांदूळ घे. चौघांचे."